तीन घोड्यांचा आलेख

घोड्याच्या चालीवरच्या पाठ्यपुस्तकांत एक आलेख हमखास भेटतो. आडव्या अक्षावर वेग आणि उभ्या अक्षावर ठरावीक अंतर कापायला लागणारा ऑक्सिजन. तीन वाट्या शेजारी शेजारी ठेवाव्यात तशा त्यावर तीन वक्ररेषा दिसतात : पहिली कदम चालीची, दुसरी दुडकीची, तिसरी भरधाव दौडीची. प्रत्येक वाटीला तळ आहे. त्या तळाच्या वेगाने घोडा गेला तर अंतर सर्वांत स्वस्तात कापले जाते. त्याहून सावकाश गेला किंवा जोरात गेला, की खर्च वाढतो. विशेष म्हणजे तिन्ही तळ जवळजवळ एकाच पातळीवर आहेत. योग्य वेगाला योग्य चाल धरली, तर कोसभर वाट रमतगमत जाणाऱ्या घोड्याला जेवढा खर्च येतो, तेवढाच धावत जाणाऱ्यालाही येतो.

डोनाल्ड हॉइट आणि रिचर्ड टेलर यांनी हा निष्कर्ष १९८१ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी घोड्यांना ट्रेडमिलवर चालवले आणि त्यांना किती ऑक्सिजन लागतो ते मोजले. खरी मेहनत त्याआधीची होती. एरवी ज्या वेगाला घोडा आपणहून दुडकी सोडून धावू लागतो, त्या वेगालाही त्याने दुडकीच धरून ठेवावी, असे त्याला शिकवावे लागले. घोड्याच्या मनाविरुद्धची ही पावले मिळाली नसती, तर वाटीची चढती कड कधीच काढता आली नसती. मोकळेपणी आपल्या मर्जीने जाताना मात्र घोड्याने प्रत्येक चालीत तळाजवळचेच वेग निवडले. दोन वाट्यांच्या मधले महागडे वेग टाळले.

इतका देखणा निष्कर्ष जीवशास्त्रात क्वचित मिळतो. चार दशके तो वर्गावर्गांतून शिकवला जातो आहे. हा आलेख पाहिलेल्या किती जणांना ठाऊक असते, की तो तीन घोड्यांवरून काढलेला आहे? तेही लहान चणीच्या, आपण ज्यांना तट्टू म्हणू अशा घोड्यांवरून.

या तीन घोड्यांपासून सुरुवात करण्याचे कारण आहे. एखाद्या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेणे हे काम आपल्याकडे दुय्यम समजले जाते. प्रबंधाचे दुसरे प्रकरण म्हणून ते उरकले जाते : अमुक साली अमुक यांनी असे म्हटले, तमुक साली तमुक यांनी तसे म्हटले. तलाठ्याने दप्तराचा गोषवारा काढावा तसा हा गोषवारा असतो. बेरीज बरोबर आली की काम संपले. माझे म्हणणे असे, की आढावा हे निवाड्याचे काम आहे. कोणी, कोणत्या प्राण्याला, कोणत्या जमिनीवर, कोणता प्रश्न विचारला आणि आलेल्या उत्तराचे वजन किती, हे ठरवण्याची ती जागा आहे. घोड्याच्या चालीवरचे संशोधन हे पटवून द्यायला फार चांगले उदाहरण आहे. कारण इथे एक साधा प्रश्न सतत समोर राहतो. घोडा दुडकी का सोडतो?

१९८१च्या आलेखाने या प्रश्नाला एक उत्तर सुचवले : ऊर्जा वाचते म्हणून. पुस्तकांतून ते पुढे सरकत गेले तसे ‘सुचवले’ हा शब्द गळून पडला. वास्तविक आलेख एवढेच सांगतो, की घोड्याने आपणहून निवडलेले वेग स्वस्त असतात. चाल बदलण्याच्या नेमक्या क्षणी घोड्याला कोणती गोष्ट जाणवते, हा निराळा प्रश्न आहे. मीटरमागे किती ऑक्सिजन लागतो हे काही पावलांत घोड्याला कळावे तरी कसे? खर्चाचा हिशोब मागाहून लागतो, पाय तर त्याच क्षणी बदलतो.

दहा वर्षांनी, १९९१ साली, क्लेअर फार्ली आणि तेच टेलर यांनी ‘सायन्स’मध्ये वेगळे उत्तर दिले. त्यांनी तट्टांच्या पाठीवर वजन लादले. चाल बदलण्याचे कारण निव्वळ वेग असता, तर ओझ्याने फरक पडायला नको होता. प्रत्यक्षात ओझे लादलेल्या तट्टांनी दुडकी लवकर, म्हणजे कमी वेगाला सोडली. ओझे असो वा नसो, पायावर येणारा जोर एका ठरावीक मर्यादेला पोहोचला, की चाल बदलत होती आणि बदलताच तो जोर उतरत होता. शिवाय ऊर्जेच्या हिशोबाने बदल जिथे व्हायला हवा, त्याच्या आधीच तो होत होता. म्हणजे घोडा पाकीट पाहून नव्हे, तर हाडे आणि कंडरा सांभाळून चाल बदलतो, असे दिसले. पुढच्या काळात इतर घोड्यांना चढावर चालवून पाहिल्यावर ऊर्जेच्या बाजूनेही पुन्हा पुरावा पुढे आला.

इथे गोषवारा लिहिणारा थांबतो. ‘या विषयावर संशोधकांत मतभेद आहेत’ एवढे लिहून तो पुढच्या परिच्छेदाकडे वळतो. निवाडा करणाऱ्याने मात्र दोन्ही उत्तरे एकाच प्रश्नाची आहेत का, हे विचारायला हवे. ती तशी नाहीत. ज्या प्राण्यांची चाल स्वस्त पडली ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले, म्हणून आजचा घोडा स्वस्त वेग निवडतो. ऊर्जा हे त्या दीर्घ घडणीचे स्पष्टीकरण असू शकते. पायावरचा जोर हे त्या क्षणाचे स्पष्टीकरण असू शकते. शेतकरी पेरणी का करतो, याला ‘घर चालावे म्हणून’ हे एक उत्तर आणि ‘काल पाऊस पडला म्हणून’ हे दुसरे. दोन्ही खरी आहेत आणि एकाने दुसरे खोटे ठरत नाही.

तिसरे उत्तर २०१२ साली आले, तेही अनपेक्षित दिशेने. आइसलँडचे घोडे कदम, दुडकी आणि दौड यांशिवाय आणखी चाली जाणतात. ‘टोल्ट’ नावाच्या चालीत चार पाय एकामागून एक पडतात आणि स्वार जागचा हलत नाही. काही घोडे एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकत वेगाने जातात. लेइफ अँडरसन यांच्या स्वीडनमधल्या गटाने या घोड्यांची आनुवंशिकी तपासली, तेव्हा डीएमआरटी३ नावाच्या एका जनुकातला बदल हाती लागला. हे जनुक मज्जारज्जूतल्या काही चेतापेशींत काम करते. डावा पाय आणि उजवा पाय, पुढचा आणि मागचा, यांचा मेळ घालणाऱ्या जाळ्याचा त्या पेशी भाग आहेत. पायांचा ताल मेंदूच्या हुकमाची वाट पाहत नाही, पाठीच्या कण्यातच त्याची जोडणी असते, हे यातून पुन्हा स्पष्ट झाले.

वर्तमानपत्रांनी याला ‘टोल्टचे जनुक’ म्हटले असते, तर ते सोपे झाले असते आणि चुकीचेही. कारण हाच बदल शर्यतीत दुडकीने धावणाऱ्या घोड्यांतही भरपूर सापडला. ते घोडे टोल्ट चालत नाहीत. त्यांची खुबी अशी, की प्रचंड वेगालाही ते दुडकी मोडत नाहीत. त्या शर्यतीत दौड धरली की घोडा मागे पडतो, म्हणून दुडकी न सोडणारा घोडा तिथे लाखमोलाचा. जनुकातल्या त्या बदलाने दुडकीतून दौडीत जाणे अवघड होते. एका जातीत, एका संगोपनात त्याचे फळ टोल्ट, तर दुसरीकडे तेच फळ वेगवान दुडकी. आपल्या मूळ प्रश्नात आता मज्जारज्जूची जोडणीही आली. घोडा दुडकी का सोडतो? स्वस्त पडते म्हणून, पायावरचा जोर उतरतो म्हणून आणि त्याच्या कण्यातली जोडणी त्याला सोडू देते म्हणून. ही तीन उत्तरे वेगवेगळ्या विद्याशाखांच्या कपाटांत विखुरलेली असतात. त्यांना एकमेकांसमोर बसवणारा लेखक नसेल, तर ती तशीच विखुरलेली राहतील.

या विषयात चालींना नावे देणे हाच मुळात मोठा निर्णय आहे. आपल्याकडे अमरकोशाने घोड्याच्या पाच गती नोंदल्या : आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित आणि प्लुत. मराठीत कदम, दुडकी, रवाल, भरधाव असे शब्द चालत आले. घोडेस्वारीच्या प्रत्येक संस्कृतीने आपल्या गरजेप्रमाणे चालींचे असे कप्पे पाडले. १९६५ साली मिल्टन हिल्डेब्रँड यांनी ‘सायन्स’मध्ये वेगळीच वाट दाखवली. त्यांनी फक्त दोन आकडे घेतले : एका पूर्ण पावलाच्या काळातला किती भाग मागचा पाय जमिनीवर टेकलेला असतो, आणि त्याच बाजूचा पुढचा पाय मागच्यानंतर किती वेळाने पडतो. कदम असो, दुडकी असो की एका बाजूच्या दोन्ही पायांची चाल, ती कागदावर एक बिंदू होते. मग दिसते, की शब्दांनी पाडलेल्या कप्प्यांमध्ये भिंती नाहीत, उतार आहेत. जुना निबंध वाचताना त्याचा ‘दुडकी’ हा शब्द आपल्या ‘दुडकी’इतकाच अर्थ व्यापतो का, हे तपासल्याशिवाय दोन निबंधांचे आकडे एका तक्त्यात बसवणे धोक्याचे आहे, ते यामुळेच.

डोळ्यांवर विसंबण्याचा धोका तर याहून जुना आहे. तेओदोर जेरिको याने १८२१ साली एप्सम डर्बीची शर्यत रंगवली. त्यातले घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून हवेत तरंगतात. शतकानुशतके चित्रकारांनी घोड्याची दौड अशीच काढली होती. एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने घोड्याच्या खुरांखाली रबराचे फुगे बसवले, नळ्यांनी ते स्वाराच्या हातातल्या नोंदयंत्राला जोडले आणि खूर टेकला की रेघ उमटेल अशी सोय केली. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात चारही पाय हवेत असण्याच्या क्षणांची नोंद आली. तरी जगाला पटले ते १८७८च्या जूनमध्ये. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे एडवर्ड मायब्रिज याने धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे मांडले आणि सॅली गार्डनर या घोडीची दौड टिपली. घोडी हवेत होतीच; पण तेव्हा तिचे पाय ताणलेले नव्हते, पोटाखाली गोळा झालेले होते.

ही गोष्ट सहसा कॅमेऱ्याचा विजय आणि डोळ्याचा पराभव म्हणून सांगितली जाते. मला त्यात आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी, की चित्रकार पूर्ण चुकले नव्हते. दौडीत घोडा जमीन सोडतो हे त्यांनी अचूक हेरले होते. तो ती कोणत्या क्षणी सोडतो, एवढेच चुकले होते. जुने निरीक्षण फेकून देण्याआधी त्यातला खरा भाग कोणता, हे पाहिले पाहिजे. दुसरी गोष्ट पैशाची. मायब्रिजच्या प्रयोगाचा खर्च लेलंड स्टॅनफर्ड याने केला. तो रेल्वेसम्राट होता आणि शर्यतीचे घोडे पाळत होता. घोडा वेगाने कसा धावतो हा त्याच्या तबेल्याचा प्रश्न होता. १८८२ साली त्याच्या पुढाकाराने या कामावर ग्रंथ निघाला, तेव्हा शीर्षकपानावर मायब्रिजचे नाव नव्हते. संशोधनाच्या इतिहासात प्रश्न कोणाचा होता आणि श्रेय कोणाला गेले, हे दोन्ही नोंदवावे लागते. पुढच्या शतकभराच्या साहित्यात वेगाविषयी जेवढे सापडते तेवढे थकव्याविषयी किंवा वेदनेविषयी का सापडत नाही, याचे बीज तिथे आहे.

स्वाराविषयीचे दोन निबंध याच कारणासाठी शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. २००९ साली थिलो फाऊ आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की १९००च्या सुमारास जॉकी रिकिबी आखूड करून पुढे वाकून बसू लागले, तेव्हा मोठ्या शर्यतींच्या वेळांत सात टक्क्यांपर्यंत सुधारणा झाली. तसा बसलेला जॉकी आपले पाय स्प्रिंगसारखे वापरतो. घोड्याला त्याचे वजन पेलावे लागते. पण प्रत्येक पावलाला त्याला पुढे-मागे झटका देत वाहावे लागत नाही. ते कष्ट जॉकी स्वतःच्या मांड्यांवर घेतो. दुसरा निबंध २०११ सालचा, ऑस्ट्रेलियातला. डेव्हिड इव्हान्स आणि पॉल मॅकग्रीव्ही यांनी शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यातले चाबकाचे फटके मोजले. घोडे थकलेले असतानाच फटके सर्वांत जास्त पडत होते आणि निकालावर त्यांचा परिणाम दिसला नाही. चाबूक शर्यतीइतकाच जुना आहे. त्याचा उपयोग होतो का, हा प्रश्न आकड्यांनी विचारायला एकविसावे शतक उजाडावे लागले. साधने होती, विचारणारा नव्हता.

घोड्याच्या पायाच्या रचनेबाबतही असेच एक उदाहरण आहे. गुडघ्याखाली घोड्याचा पाय सडपातळ असतो. मांस वर, खाली लांब कंडरा. दौडीत एकेका पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. कंडरा ताणल्या जातात आणि सुटताना ती ऊर्जा परत देतात. त्या कंडरांना जोडलेल्या काही स्नायूंचे तंतू जेमतेम काही मिलिमीटर लांबीचे असतात. एवढ्या आखूड तंतूंनी काय साधणार? म्हणून ते उत्क्रांतीत मागे राहिलेले अवशेष समजले जात. २००१ साली ॲलन विल्सन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये वेगळे मांडले. खूर जमिनीवर आदळताच पायात सेकंदाला तीस-चाळीस वेळा होणारी थरथर उठते. ती पाय झिजवू शकते. हे आखूड तंतू ती थरथर शोषून घेतात. ज्याला आपण निरुपयोगी म्हणत होतो, तो पायाचा संरक्षक निघाला. ‘याचे काही कार्य नाही’ असे वाक्य जुन्या निबंधात दिसले, की कोणते कार्य तपासून पाहिले होते, हे विचारायची सवय आढावा घेणाऱ्याने लावून घेतली पाहिजे.

आता ज्या भागासाठी मी एवढे लिहिले, त्याकडे येतो. घोड्याच्या चालीवरच्या संशोधनाचा सर्वांत व्यावहारिक उपयोग एकच : घोडा लंगडतो आहे का, हे ओळखणे. शतकानुशतके हे काम पशुवैद्याच्या, नालबंदाच्या आणि मोतद्दाराच्या डोळ्यांचे होते. घोडा दुडकीने पळवायचा. दुखरा पुढचा पाय टेकताना तो डोके वर उचलतो, चांगला पाय टेकताना खाली घेतो. ही खूण खरी आहे. पण २०१० साली केव्हिन कीगन आणि सहकाऱ्यांनी अनुभवी पशुवैद्यांची मते एकमेकांशी ताडून पाहिली. लंगडणे ठळक असेल, तर अमुक पाय दुखरा आहे की नाही यावर त्यांचे ९३.१ टक्के वेळा एकमत झाले. लंगडणे सौम्य असेल, तर ते ६१.९ टक्क्यांवर आले. नुसते नाणे उडवले, तरी निम्म्या वेळा जुळते. त्याआधी २००६ साली आणखी एक अभ्यास झाला होता. पाय बधिर करणारे इंजेक्शन दिल्याचे ठाऊक असलेल्या पशुवैद्यांना नंतरची सुधारणा जास्त दिसत होती. ठाऊक नसताना पाहिले तर कमी. जाणते डोळेसुद्धा अपेक्षेप्रमाणे पाहतात. हा कोणावर आरोप नाही. माणसाच्या पाहण्याची ती मर्यादा आहे.

मग डोके, पाठ आणि कंबरेवर चिकटवायचे सेन्सर आले. डावे पाऊल आणि उजवे पाऊल यांत डोक्याच्या आणि कंबरेच्या हालचालीत किती मिलिमीटरचा फरक पडतो, ते कळू लागले. वाद मिटायला हवा होता. झाले उलटे. २०१७ साली मरी रोडिन आणि सहकाऱ्यांनी स्वारीचे २२२ घोडे मोजले. हे सगळे घोडे मालकांच्या मते धडधाकट होते, रोज काम करत होते. त्यांपैकी ७२.५ टक्के घोड्यांत डाव्या-उजव्या बाजूंतला फरक ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला.

याचे दोन अर्थ लावता येतात आणि दोन्ही अस्वस्थ करणारे आहेत. एक असा, की दर चारांपैकी सुमारे तीन घोडे दुखणे अंगावर काढत आहेत आणि मालकांना त्याचा पत्ता नाही. दुसरा असा, की मर्यादाच चुकीची आहे. माणूस जसा उजवा किंवा डावखुरा असतो तसे घोड्याच्या चालीतही थोडे झुकणे नैसर्गिक असेल. ज्या घोड्यांत असा फरक होता, त्यांना काही दिवस मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक देऊन पाहणारा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. औषधाने फरक कमी झाला नाही.

इथे घाई करणाऱ्या वाचकाला उत्तर मिळते : म्हणजे दुखत नव्हते. पण तसे सिद्ध झालेले नाही. एका औषधाला न जुमानणारी वेदना असू शकते. दुखणे बरे झाल्यावरही चालीची सवय मागे राहू शकते. सांधा आखडलेला असू शकतो. तो औषधाने सुटत नाही. दुसरीकडे, मर्यादेवरचा प्रत्येक घोडा रुग्ण आहे असे म्हणणेही तितकेच निराधार. रेने व्हान वेरेन आणि सहकाऱ्यांनी २०१७च्या एका संपादकीयात हा प्रश्न उघडपणे मांडला : मोजमापाच्या या युगात लंगडण्याची व्याख्याच बदलावी लागेल का?

माझे उत्तर असे. लंगडणे हा केवळ हालचालीचा शब्द नाही. ‘हा घोडा लंगडतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात ‘याला त्रास होतो आहे, याला काम देऊ नये’ असा निर्णय गुंतलेला असतो. सेन्सर हालचाल मोजतो, निर्णय मोजत नाही. मर्यादा किती मिलिमीटरवर ठेवायची, हे ठरवताना कोणती चूक आपण पत्करतो, ते उघड सांगावे लागेल. मर्यादा सैल ठेवली तर दुखणारा घोडा कामावर राहील. घट्ट ठेवली तर धडधाकट घोड्यावर निष्कारण उपचार होतील. माझ्या मते पहिली चूक अधिक गंभीर आहे, कारण तिची किंमत बोलता न येणारा मोजतो. पण हे माझे मूल्य आहे, आलेखातून निघालेला आकडा नव्हे, आणि ते मी तसेच सांगितले पाहिजे. आढावा लिहिणाऱ्याने मोजमाप कुठे संपते आणि मूल्य कुठे सुरू होते, त्या ठिकाणी खूण करून ठेवावी. ती खूण पुसली, की यंत्राच्या नावावर माणसांचे निर्णय खपवले जातात.

यावर रास्त आक्षेप येईल : इतक्या शंका काढत बसलो तर काहीच ठरणार नाही, तीन घोडे तर तीन, पुढे जायला आधार तर मिळतो. मला तो मान्य आहे. तीन घोड्यांचा आलेख टाकून द्यावा असे मी म्हणत नाही. तो टिकला, कारण त्याच्याशी भांडणारे निबंध आले आणि भांडणातून त्याचा नेमका अर्थ उमगला. शंका घेतल्याने ज्ञान खिळखिळे होत नाही, उलट त्याच्या सीमा आखल्या जातात. सीमा ठाऊक असलेले ज्ञान वापरायला निर्धास्त असते.

सीमा न पाहता ते वापरले तर काय होते, हे आपल्या जवळचेच उदाहरण घेऊन पाहता येईल. आतापर्यंत उल्लेख केलेले बहुतेक घोडे युरोप-अमेरिकेतले. ते शर्यतीचे, खेळाचे किंवा प्रयोगशाळेतले होते. पोटभर खाल्लेले, वेळेवर नाल बदललेले, सपाट पट्ट्यावर किंवा राखलेल्या मैदानावर चालणारे. माथेरानचा घोडा लाल मातीच्या चढउतारावर पाठीवर माणूस किंवा सामान घेऊन दिवसभर जातो. तिथे मोटारींना बंदी असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याही पायांवर गाव चालले आहे. तिथल्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कठीण पृष्ठभागावर खुराला बसणारा धक्का मोठा असतो आणि खुराच्या घसरण्यावर पायातले ताण अवलंबून असतात, हे संशोधन सांगते. दिशा म्हणून ते उपयोगी आहे. पण उतारावर, ओझ्याखाली, पावसात भिजलेल्या ब्लॉकवर त्या लहान चणीच्या घोड्याचा पाय कसा पडतो, याचे उत्तर ट्रेडमिलवरून आयते आणता येणार नाही. ते तिथेच मोजावे लागेल. भीमेच्या खोऱ्यात घडलेल्या आणि मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेल्या भीमथडी घोड्याबाबतही तेच. ज्याच्या दमावर इतिहास लिहिला गेला, त्याची चाल आपण अभिमानाने सांगतो. ती सेन्सरने आणि आकड्यांनी नोंदवणे हे आपल्याच कृषी आणि पशुवैद्यक विद्यापीठांचे काम आहे. चांगल्या आढाव्याचे हेही एक फळ असते : कोणत्या घोड्याला आजवर कोणी प्रश्नच विचारला नाही, ते त्यातून दिसते.

शेवटी पुन्हा त्या तीन घोड्यांकडे. मुखवटा लावून, चालत्या पट्ट्यावर, धावावेसे वाटत असताना दुडकी धरून त्यांनी आपल्याला ती वाटीची कड दिली. माहितीचा प्रत्येक बिंदू कुणाच्या तरी पायाने उमटलेला आहे. ते काम जपून वाचणे हे माझ्या दृष्टीने त्यांचे देणे आहे. आढावा नीट झाला, तर तोच प्रयोग पुन्हा दुसऱ्या घोड्यांवर विनाकारण होणार नाही. आढावा नीट झाला, तर त्यांनी दिलेले उत्तर त्यांना न विचारलेल्या प्रश्नाला चिकटवले जाणार नाही. म्हणून माझी मागणी छोटी आहे. तो आलेख यापुढे जेव्हा जेव्हा पाठ्यपुस्तकात छापला जाईल, तेव्हा त्याच्याखाली वेग आणि ऑक्सिजनच्या एककांइतक्याच ठळक टायपात एक ओळ असावी : लहान चणीचे तीन घोडे, ट्रेडमिलवर, १९८१.